नॅरो गेज

मे महिना. कुसुंब्याच्या धावपट्टीवर चव्वेचाळीस अंश.
हवा इतकी विरळ की पंख्यांना धरायला काही सापडत नाही,
म्हणून बारा बॅगा उतरवल्या, दोन माणसं मागे ठेवली,
एक बँकेचा तपासनीस, एक केळीचा दलाल.
दोघं माझ्याकडे बघतात,
जसं काही जळगावचं ऊन मीच आणलं.

डाव्या खुर्चीत कॅप्टन बिवलकर.
फाल्गुनापर्यंत जेटवर होते, दुबई, सिंगापूर.
आता त्यांची जेटं नागपूरला उभी, इंजिनांच्या तोंडाला कापड बांधून,
आणि दोन कंपन्यांचं लग्न लागलंय.
लग्न म्हटलं की याद्या आल्याच.
ज्येष्ठतेच्या यादीत त्यांची वर्षं पूर्ण धरली,
आम्हा प्रॉपेलरवाल्यांची अर्धी.
माझी अकरा होती, साडेपाच झाली.
उरलेली साडेपाच मी कुठे होते, ते यादीत नाही.

मी त्यांना हे विमान शिकवते.
शिकून झाले की ते डावीकडे, कायमचे,
मी उजवीकडे, बहुतेक कायमची.
पगार त्यांचा जेटचाच राहणार, तसं लिहून दिलंय.
मी दिवसात सहा वेळा उतरते, ते एकदा उतरायचे.
हिशेब उतरण्याचा नसतो, तासांचा असतो.

अण्णा पीजेवर ड्रायव्हर होते.
पाचोरा ते जामनेर, छप्पन किलोमीटर,
डबे एवढे हळू की पोरं उतरून बोरं वेचून परत चढायची.
डोळे तपासायला भुसावळला जावं लागे.
तिथे रनिंग रूममध्ये मेलवाल्यांचा बाक वेगळा,
कुठे लिहिलेलं नव्हतं, पण वेगळा.
भत्ता किलोमीटरवर. मेल एका रात्रीत जेवढी पळायची
तेवढं पळायला अण्णांना आठवडा लागायचा.
एकदा एक मेलवाला चहा फुंकत म्हणाला,
काय नेहेते, म्हशी झाल्या का बाजूला?
सगळे हसले. अण्णाही हसले.
घरी येऊन त्यांनी डबा घासला, स्वतः,
राख घेऊन, फार वेळ.

सकाळी उतरताना बिवलकर तरंगत राहिले.
तापलेली जमीन विमानाला खाली घेईना,
अर्धी धावपट्टी मागे गेली.
मी म्हटलं, टेकवा.
त्यांनी टेकवलं. बावीस हजार तासांचा माणूस,
कानाच्या पाळीपर्यंत लाल.

आता परवानगीची वाट बघत बसलोय.
घामाने शर्ट पाठीला, पाठ खुर्चीला.
ते विचारतात, तुला हातात किती येतात?
मी आकडा सांगते.
ते गॉगल काढतात, पुसतात, पुन्हा पुसतात.
मग समोर बघत, मला नाही, काचेला सांगितल्यासारखं,
मी कुणाची खुर्ची मागितली नव्हती.

खरं आहे. मुलगी शिकतेय त्यांची, मँचेस्टरला.
पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते.
त्यांनी न मागताच मिळाली.
मी म्हटलं, चेकलिस्ट.

रात्री अण्णांना फोन केला.
रूळ उखडले तेव्हापासून ते गाडीच्या वेळेलाच जेवतात.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी.
मेलवाला हाये का तो?
हो अण्णा.
मंग घरी आन त्याले जेवाले. कळण्याची भाकर खातो का इचार.
मी गप्प. तेही गप्प.
मग पलीकडून, हसू दाबत की काय, कळलं नाही:
आन हेबी इचार,
म्हशी झाल्या का बाजूला.

उद्या बिवलकरांचा शेवटचा फॉर्म.
शेऱ्याला जागा दोन ओळींची,
खाली माझी सही.
वारा कालच्यासारखाच असेल, पश्चिमेचा, गरम.
या वेळी ते नीट टेकवतील.
शिकवलंय मीच.