हितग्राही भेट

दर महिन्याच्या पाच तारखेला
मुगभाटातल्या दुसऱ्या मजल्यावर
रत्नाकरभाऊ मला पाकीट देत.
तपकिरी. कोपऱ्यात शाईने नुसतं 'हे.',
हेमांगी लिहायला जागा असूनही.

मी दोन्ही हातांनी घ्यायचे,
तिथे मोजायचं नाही एवढं वळण होतं.
मग चहा, बशीत दोन खाऱ्या.
"कुमुदचं सांभाळतोय कसंबसं," ते म्हणत.
"उपकार आहेत भाऊ," मी म्हणे.
एकोणीस वर्षं. बारा महिन्यांच्या हिशेबाने
दोनशे अठ्ठावीस उपकार.

कुमुदआत्या टेलिफोन एक्स्चेंजात होती.
चौतीस वर्षं 'नंबर प्लीज' म्हणून
जाताना माटुंग्याची एक खोली, थोडी युनिटं
आणि एक कागद ठेवून गेली.
कागदात काय, ते मला कुणी वाचून दाखवलं नाही,
मीही विचारलं नाही.
आमच्याकडे हिशेब विचारणं म्हणजे
माणसाच्या तोंडावर दार लावणं.

मग डावी दाढ ठणकायला लागली.
डॉक्टरांनी अकरा हजार सांगितले.
भाऊ म्हणाले, "ट्रस्टमध्ये बसत नाही गं."
जसा काही ट्रस्ट म्हणजे शेअर टॅक्सी
आणि मी पाचवी सवारी.

फोर्टात, झेरॉक्सच्या दुकानावर,
मिस्किटा वकीलबाईंचा पंखा किरकिरत होता.
"न्यासपत्र वाचलंस?"
न्यास म्हटल्यावर मला आठवले
पूजेला बसलेले भटजी,
बोटांनी छाती-कपाळ-डोळे शिवणारे.
"अगं, तो न्यास नव्हे," त्या हसल्या.
"कागदावर मालक ते. पण भोगायचं तू.
त्यांच्याकडे चावी दिलीय, घर नाही.
कागद बघायला माग, नक्कल माग, हिशेब माग.
भांडण नाही हे. आणि आभार मानायचेच
तर मेलेल्या आत्याचे मान."

पत्र तीन ओळींचं. चार रात्री लागल्या.
'सविनय' खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.
'कृपया' राहू दिलं.
पोस्टातल्या माणसाने पावतीवर शिक्का इतका जोरात मारला
की मी दचकून मागे पाहिलं,
रांगेत भाऊ उभे असावेत तशी.

सव्वीस दिवसांनी बोलावणं आलं.
टेबलावर निळी वही, शेजारी न्यासपत्र.
भाऊ गॅलरीत पाठ करून उभे.
अक्षर मोत्यांचं. भाडं, व्याज, घरपट्टी,
पैशाला पैसा जुळलेला.
चोरी नव्हती. खरं सांगते,
मला जरा वाईटच वाटलं.

मग एक ओळ दिसली:
'हितग्राही भेट – चहा, खारी – रु. १२.'
पान उलटलं. पुन्हा. पुढे वीस झाले, पुढे चाळीस.
एकही पाच तारीख सुटलेली नाही.
माझ्याच पैशाचा चहा पिऊन
मी त्यांना दोनशे अठ्ठावीस वेळा...
असो.

न्यासपत्राचं कलम सात मात्र
मी तिथेच उभ्याने वाचलं:
'चि. हेमांगीचा सर्व औषधोपचार,
दातांसह.'
दातांसह!
कुठल्या वकिलाला सुचेल हा शब्द?
शाळेतून आल्यावर तिच्या डब्यातली खडीसाखर
मी चोरून कडकडा फोडायचे,
ती भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची.
म्हणजे ऐकत होती.
कानाला यंत्र लावून
सगळ्या शहराचं ऐकणारी ती.

दाढेचे अकरा हजार चेकने आले,
पाकिटाशिवाय, पूर्ण नावाने.

आता पुढची पाच तारीख.
वाटलं होतं दार उघडणार नाहीत. उघडलं.
पंखा लावला. चहा आला,
बशीत दोन खाऱ्या, नेहमीसारख्या.
दोघंही बराच वेळ
खालच्या भांडी-कल्हईवाल्याचं ऐकत बसलो.

"भाऊ," मी म्हटलं, "खारी अजून एक घेते.
लिहून ठेवा."

आणि डाव्या बाजूने चावली.