डावीकडे सात, उजवीकडे साडेसात

ऑक्टोबर सरत आला की ऑलंडच्या या बेटावर
गोदीतली एकुलती क्रेन
दिवसाला अकरा डोलकाठ्या उतरवते.
आमचा नंबर नववा.
गुन्नेवी उजाडायच्या आधीच येऊन बसलेली,
थर्मासमधली कॉफी कधीच संपलेली.
वाऱ्याकडे तोंड करून म्हणते,
"सेकंदाला चार मीटर. चालेल."

शीड तिने आठवड्यापूर्वीच उतरवलं,
गोड्या पाण्यात धुऊन माळ्यावर पसरलं.
मग खालचा आडवा दांडा.
मग दिव्याची तार,
जी सोडवायला रुनार दर वर्षी विसरायचा
आणि मग क्रेनवाल्यावर ओरडायचा.

राहिले ताणपेच.
पोलादी दोर डेकशी जिथे आवळलेले,
तिथे एकेक, मीठ खाऊन हट्टी झालेला.
मी पाना फिरवतो, ती वेढे मोजते.
सगळं सोडायचंच आहे, तर मोजायचं कशाला?
ती खिशातून प्लायवूडचा तुकडा काढते,
तळहाताएवढा, कडा हाताळून गुळगुळीत,
त्यावर पेन्सिलीने रुनारचं अक्षर:
डावीकडे सात, उजवीकडे साडेसात.

"हा अर्धा कशाचा?"
"एकतीस वर्षं विचारलं.
कधी म्हणे, नाव वाकडी आहे.
कधी म्हणे, तू वाकडी बसतेस."

हूक खाली येतो.
पट्टा तोलाच्या जागेपेक्षा वीतभर वर,
नाहीतर काठी हवेत कोलांटी खाते.
क्रेनवरचा लेन्नार्ट दोन बोटं उचलतो, म्हणजे सावकाश.

बुडाशी खोबणीतून आवाज येतो,
बूच निघावं तसा, पण ओला.
आणि मग ती कशालाच बांधलेली नसते,
नऊ मीटर स्प्रूस, आकाशात लोंबणारं,
आणि तिच्या पायाशी आमचे चार हात,
अडलेल्या वासराला वळवावं तसे.
खाली नाव दोन बोटं वर येते.
पाण्याला लगेच कळतं.

उभी असते तेव्हा आपण नुसते वर बघतो.
घोड्यांवर आडवी झाली
की शेजारून चालत जावं लागतं,
तेव्हा कळते लांबी.
आजवर शेंड्याकडची बाजू रुनारची,
बुडखा हिचा, असाच रिवाज.
आज ती चालत शेंड्यापर्यंत गेली.
एकतीस वर्षं खालून पाहिलेली कप्पी
अंगठ्याने फिरवली. किरकिरली.
"ग्रीस," म्हणाली. "इथे वॉर्निश सुटलंय.
आणि सीगलांनी बघ काय केलंय."

मग थांबली.
वरच्या फाट्याखाली, उजव्या अंगाला,
हातभर चीर. जुनी.
सरसाने भरून, घासून, वर सहा हात वॉर्निश,
बोटालाच लागेल, डोळ्याला नाही.
तिने बोट वरून खाली नेलं,
पुन्हा वरून खाली.
त्या चिरेखाली आम्ही किती वादळं काढली,
असं काहीतरी मी म्हणणार होतो.
"लबाड," ती म्हणाली. मला नाही.

लेन्नार्टने दहाव्या नावेला हाक दिली.
काठी दुचाकी गाड्यावर चढवली,
शेडपर्यंत चढ आहे, खडी निसटते.
मी सवयीने पुढे गेलो.
"तू बुडखा धर," ती म्हणाली,
आणि शेंड्याकडे जाऊन उभी राहिली.