पर्व दुसरं

डिशचं रिचार्ज मारतो मी, चौकात, सायकलच्या दुकानाला लागून.
एवढाच माझा त्या मालिकेशी संबंध.
पण सोमवारी ‘ओली पावलं’चं दुसरं पर्व लागलं
आणि मंगळवारी शटर अर्धं उचललं नाही तो
वच्छला मडावी दारात:
"भूत कावून बदललं, भाऊ?"

जसं मीच बदललं.
जसं जुनी बाई माझ्याच गोदामात पडून आहे
आणि मी नवी खपवतो आहे.

मग दिवसभर तेच.
डेअरीवरून परतणारा रूपचंद म्हणाला, सातदा इज चमकली,
मोजली ना मी, अन् पान्याचा थेंब नाही.
शाळेतली पोरं हसत होती:
सासूचं तोंड तीनदा दाखवलं,
तिसऱ्यांदा तं तिलेच कंटाळा आला होता.
अंगणवाडीच्या मॅडमनी मात्र
अख्खा भाग डोळे मिटून बघितला,
आणि आवडला, म्हणाल्या.

गेल्या वर्षी ती बाई नुसती यायची.
मागच्या दारातून, ओल्या पायांनी,
चुलीपाशी बसायची, सुपात तांदूळ घ्यायची
आणि खडे वेचायची.
बस.
भाग संपायचा त्या आवाजावर,
खडा वाटीत पडल्याच्या.
टक्.
आमच्या पिंपरडोहात
वाघ तलावाच्या पाळीवर दिसला
तर वनखात्याची गाडी यायच्या आत लोक बघायला पळतात,
लेकराला खांद्यावर घेऊन.
तेच लोक सुपाला घाबरायचे.
माझ्या बायकोनं दोन महिने
तांदूळ उन्हातच निवडले.

चारच्या सुमारास यादोराव नन्नावरे आले.
झाडीपट्टीच्या नाटकांत बावीस हंगाम भूत झालेला माणूस.
मंडईच्या रात्री, पहाटे तीनला,
चादरी पांघरून पेंगणारा मंडप
एका पावलात उठवून बसवायचे.
आता गुडघे गेले. चहा बशीत ओतून पितात.
"पोरगी मेहनत घेते," म्हणाले, "पन ओरडते.
ज्याचं कोनी आयकत नाही, थो ओरडते.
भुताले काय गरज, बापा?
त्याचं तं सारेच आयकतेत."
मग बाकड्यावर बसल्या बसल्या
मान जराशी कलती केली, एवढीच,
आणि माझ्या खांद्यामागे बघितलं.

मी वळलो.
मागं सेट-टॉप बॉक्सचे रिकामे खोके.
ते गेल्यावरही बराच वेळ
मी त्या खोक्यांकडे पाठ केली नाही.

बंद करायच्या वेळी फुलन कोडापे आली.
सकाळपासून दोनदा समोरून गेली होती, थांबली नव्हती.
पन्नासची नोट काउंटरवर ठेवून म्हणाली,
"जुनं लागंल का?"
कितव्या भागापासून?
"भाग नाई. थे खाली बसते ना, तांदूर घेऊन,
तेवढंच."
भीती नाही वाटत?
नोटेची घडी बोटानं सरळ करत राहिली.
"थे कोनाची तरी वाटे.
हे नवी कोनाचीच नाई."

मी सांगत बसलो, कंपनी, चॅनल, पॅक,
तेवढंच असं मिळत नाही म्हणून.
ती मान हलवत होती
आजाराचं नाव ऐकताना हलवतात तशी.
नोट तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो
तर घ्यायला तयार नाही.
पण ते नंतरचं.

त्या रात्री साडेनऊला गाडीवरून घरी निघालो
तेव्हा गावभर एकच वीज चमकत होती,
प्रत्येक उघड्या दारातून, निळी,
रस्त्यावरची शेळी क्षणभर दिसायची, मग नाही.
कुणी घाबरत नव्हतं. कुणीतरी खोकलं.

अंगणात हातपाय धुतले, मागच्या दारानं आत आलो.
बायको दिव्याखाली सूप घेऊन बसली होती,
रात्री, कितीतरी महिन्यांनी.
"यंदा काई दम नाई," वर न बघता म्हणाली.
टक्.
मी उंबऱ्यातच थांबलो.
तिचा हात सुपात थांबला.
माझ्या पायांखालून पाणी
फरशीवरून हळूहळू तिच्याकडे निघालं होतं.

"पुसून ये," ती म्हणाली,
जरा वेळानं.