वर जाणारा आकडा

दोन पोरं आणि एक सक्सेना
येऊन गेले या आठवड्यात.
पोरांनी दारात आधी बूट काढले, मग आकडे काढले:
दोनशे. तीनशे. घ्याच, पाचशे.
मी विचारलं, हे झालं येणारं. जाणारं किती?
"जाने का क्या करोगी आंटीजी?"

अकरा वर्षं ट्रंक बोर्डावर बसले रे मी.
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोरी,
धारचं गिऱ्हाईक धरून ठेवायचं आणि म्हणायचं,
बोला, नागपूर लागलंय.
कुणाला नुसतंच ऐकू यायचं, बोललेलं पोचायचं नाही.
तो किती ओरडायचा,
आणि पलीकडचा किती शांतपणे विचारायचा, कोण आहे?

स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर
भाच्याचा टाकून दिलेला लॅपटॉप आहे, पडदा फुटलेला.
त्याच्यावर एक पान चालतं. पानावर एकच ओळ.
नळ आला.
किंवा, नळ आला नाही.
खालच्या हौदात तरंगता खटका सोडलाय,
पाणी चढलं की तो उचलतो आणि ओळ बदलते.
नर्मदा एक दिवसाआड येते,
जलूदहून घाट चढून,
तीही वरच जाते बिचारी, तिचा वेग कुणी विचारत नाही.

आतापर्यंत पप्पू केबलवाल्याच्या तारेवर भागलं.
पप्पू महिनाअखेर दुकान बंद करतोय.

पहिल्या कंपनीत पत्ता दर रात्री बदलतो.
मग पाहुण्यांनी कुठे यायचं?
दुसरीचं त्याहून न्यारं:
सगळ्या सुदामानगरला मिळून एकच दार.
आतून हवं त्यानं बाहेर पडावं,
बाहेरून कुणी कडी वाजवली
तर चारशे घरांतलं कुठलं, ते दारालाच माहीत नाही.
मी म्हटलं, ही तर चाळ झाली!
त्याला 'चाल' ऐकू आलं.
"नहीं आंटीजी, कसम से, कोई चाल नहीं, सच्ची स्कीम है."

सक्सेना सरकारी. रिटायरमेंटला आठ महिने.
कायमचा पत्ता देतो म्हणाला, त्याचे वर्षाचे पैसे वेगळे.
वेग तीस. येताना तीस, जाताना तीस.
आणि तार तुटली तर?
"मैडम, आप तो जानती ही हैं."
जाणते.

पुण्याहून तुषार फोनवर हसला,
आत्या, दुसऱ्याच्या मशीनवर टाक ना भाड्यानं,
महिन्याला दोन चहांचा खर्च.
मी वहीत मांडून पाहिलं.
तीसची तार, पत्त्याचे पैसे, बॅटरी,
कारण संध्याकाळी सातला वीज हमखास जाते,
आणि नळ तेवढ्यातच येऊन जाईल ही धास्ती.
बेरीज तुषारच्या बाजूनं आली.
खाडाखोड करून पुन्हा केली. पुन्हा तीच.
हौद माझा, खटका माझा, ओळ परक्याच्या घरी का?
हा हिशेब नाही, हट्ट आहे. कळतं मला.

पान उघडणाऱ्यांची नोंद लॅपटॉप ठेवतो.
गल्लीतली अकरा घरं.
बारावा मात्र फार लांबचा, हॅमिल्टनचा.
एक दिवसाआड, आपल्या पहाटे पावणेसहाला
येतो, ओळ वाचतो, जातो.
समोरच्या घोडगावकरांचं घर सहा वर्षं कुलपात आहे.
त्यांच्या हौदात पाली आहेत.

परवा पप्पूची तार दोन तास गेली.
रात्री ईमेल उघडली तर चारच शब्द:
काकू, नळ आला का?
खाली नाव नव्हतं. लागतंय कशाला.

सकाळी सक्सेनाला बोलावलं.
फॉर्मात एक रकाना होता, उपयोग कशासाठी?
घरगुती, व्यापारी, इतर.
मी 'इतर'पुढे लिहिलं, पाणी.
त्यानं चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं,
आणि न खोडता शिक्का मारला.