तळवा

लक्ष्मीपुरीत दुकानदार म्हणाला,
"जीआयची जाळी न्या, गंजत न्हाई, स्वस्तात पडती."
मी बोटानं घासली. बोटाला पांढरट भुकटी.
तिळ्या दिसेल ते कुरतडतो:
परवा वीजबिल, काल झाडूचा दांडा.
जस्त पोटात जायला कितीसा वेळ?

उद्यमनगरात बाबालालनं
स्टीलच्या सळ्या बोटभर अंतरानं जोडल्या,
कोपरे कानशीनं घासले.
"रंग कुठला?"
"नको. चाटतंय ते."
तो हसला, "पोरीच्या पाळण्यालाबी
एवढं इचारलं नव्हतं कुणी."

राहिला तळ.
खालीही जाळीच टाका, घाण आपोआप पडेल,
सगळे हेच सांगत होते.

सुभाषनगरात सुबराव चपलेला टाके घालत होता.
पिशवीतनं तिळ्याला काढलं, तर त्यानं
आधी पाय उलटा केला,
अंगठ्यानं केस सारले.
"ह्येला गादी न्हाई. नुसती लव.
तारंवर हुबा ऱ्हायला तर
म्हयन्यात फोड."
आणि परत टाक्याकडे वळला.

आता खाली साधी फळी, बिनपॉलिशची,
वर वाळलेलं गवत.
तिळ्या रोज थोडा तळ खाऊन टाकतो.
मी पुन्हा अंथरते.