थंड चाक

जांबोटीच्या उतारावर पहिल्यांदा कळलं.
म्हैस आडवी आली, पाय ब्रेकवर गेला,
आणि पिकअप, न विचारता, डावीकडं वळली,
जत्रेत पोर हात धरून खेळण्यांच्या पालाकडं ओढतं तशी.
म्हैस वाचली.
बाजूचा आरसा काजूच्या फांदीत राहिला.

मेव्हणा सिद्राय म्हणाला, तुझा हातच डावीकडं जातोय.
गाडी दोघांची. पहाटेची खेप त्याची, दुपारची माझी,
हप्ता अर्धा-अर्धा, डिझेलची वही एक,
आणि त्या वहीतल्या एका पानावरून
पाडव्यापासून आमचं नीट बोलणं नाही.

मागं हौदाभर रताळी असायची.
एक कधीतरी केबिनमध्ये पडलेलं, कुणी उचललं नाही.
ब्रेक लावला की गाडी डावीकडं
आणि रताळं उजवीकडं, घरंगळत थेट माझ्या टाचेशी.
पंधरा दिवस मी त्याला लाथेनं परत ढकलत होतो.

पिरनवाडीत दस्तगीरमामांचं गॅरेज.
पाटी दोन लिप्यांत, दोन्हींत 'ब्रेक' वेगवेगळा चुकलेला.
"एडक्क एळीतैत्री?"
"होय मामा, डावीकडं ओढूलालीय."
"मतलब लेफ्ट."
आमच्याकडं एकेका बाजूला चार-चार नावं.

आधी हवा बघितली. दोन्ही चाकांत सारखी.
मग मच्छेपर्यंत स्वतः चालवून आले,
स्टेअरिंग नुसतं बोटांच्या टोकांवर,
उतरले, माझ्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं
आणि डाव्या चाकात शिंपडलं.
चुर्र.
उजव्यात शिंपडलं.
पाणी नुसतं ओघळलं.

मी जॅक उचलून डावीकडं निघालो.
"तिकडं कुठं? ते तर काम करूलालंय."

उजवं चाक उतरलं. पॅड जवळजवळ कोरे.
कॅलिपरच्या पिना गंजून आपापल्या भोकांत मुरलेल्या.
पॉलिश पेपरनं घासल्या, ग्रीस चोपडलं, बसवल्या.
मला वाटलं, झालं.
परत मच्छे, परत ब्रेक.
कमी, पण डावीकडंच.

मामा बिडी विझवून थोडा वेळ बोलले नाहीत.
मग त्या चाकाकडं जाणारा रबरी पाइप
दोन बोटांत चेपत, चेपत गेले,
शेवग्याची शेंग निबर आहे का बघतात तसे.
"हा."
बाहेरून काळा कुळकुळीत. चीर नाही, गळती नाही.
ब्लेडनं आडवा कापून उजेडात धरला:
आत रबर फुगलेलं, वाट सुईच्या नेढ्याएवढी.
इकडून मी जीव खाऊन दाबत होतो,
तिकडं पोचतच नव्हतं.

नवा पाइप बसला. आता लाइनमधली हवा काढायची,
पेडलवर माणूस पाहिजे, आणि मामांचा पोरगा
सामान आणायला शहापूरला गेलेला.
"घरचं कोण असलं तर बोलाव."
मी फोन हातात घेऊन बराच वेळ उभा.

सिद्राय आला, काही न विचारता सीटवर बसला.
मामांच्या हातात पाना. मी चाकाखाली,
तोंडाशी बाटली, बाटलीत नळी.
"दाब म्हण त्याला."
दाब.
दाबलं.
धर.
धरलंय.
सोड.
नळीतून बुडबुडे, मग काळपट तेल, मग परत बुडबुडे.
दाब. दाबलं. धर. धरलंय.
पाडव्यापासून एवढे शब्द झाले नव्हते.
तेल स्वच्छ आल्यावरही मी दोनदा जास्तीचं म्हणालो.
मामांनी बघितलं. पाना फिरवत राहिले.

मच्छेच्या सरळ रस्त्यावर सिद्रायनं जोरात ब्रेक मारला.
गाडी जागच्या जागी, पट्ट्याला धरून उभी.
रताळं पुढं गेलं, सरळ, आणि पुढच्या पत्र्याला टेकलं.
"हे काय ठेवलंईस?"
राहू दे, म्हणालो.

रात्री त्यानं वही काढली.
ब्रेक पाइप, उजवा. पिना, उजव्या. तेल.
अक्षर त्याचं. मी अर्धे दिले,
आणि मागचं ते पान
आज कुणीच उलटलं नाही.