अर्धा मिनिट आधी

सहकारनगरमधल्या त्या सोसायटीत
माझी एकच वायर उरलीय,
गच्चीवरून खाली, दुसरा मजला, आगाशेकाकांची खिडकी.
एकेकाळी बावीस होत्या. फायनलच्या आदल्या रात्री
मी शिडी घेऊन फिरायचो,
लोक चहा द्यायचे, पुण्यात असून बिस्किटंही.

आता पोरं जिन्यात बसतात, मोबाइलवर मॅच.
पण मोबाइल मागे असतो, चांगला अर्धा मिनिट.
त्यांच्या हातातला बोलर अजून रनअपलाच असतो
तोवर वरून काका ओरडतात, "गेला!"
"ओ काका, सांगू नका ना!"

महिन्याचे पैसे घ्यायला गेलो
तर काका तोंडाशी उशी धरून बघत होते.
विकेट पडली. उशीत काहीतरी हललं.
मग केव्हातरी खालून जिना ओरडला.
काका हसले, पावतीची घडी करून
चष्म्याच्या डबीत ठेवली.

परवा फोन आला : "तापकीर, स्पोर्ट्सला हे काय लावलंय?"
काय सांगणार. मोठे सामने गेले ॲपवर.
आमच्याकडे सकाळी पत्त्यांचा डाव,
दुपारी पोट कमी करायचा पट्टा, सोबत दुसरा फुकट,
आणि संध्याकाळी कुठलीशी जुनी कबड्डी,
मॅटच्या आधीची, मातीतली.
म्हटलं, काढून टाकू का वायर?

काका काहीच बोलेनात.
मागे टीव्हीवर कुणीतरी एका दमात
कबड्डी कबड्डी कबड्डी
आणि मग काकाच, हातातला फोन विसरून,
उशीबिशी काही नाही,
"धर! अरे पाय धर त्याचा!"